एका ग्रॅममध्ये बारा गुंठे

फेब्रुवारी सरत आला की चंदीगडच्या रुंद, सरळ रस्त्यांच्या कडेला पाचोळ्याचे ढीग दिसू लागतात. या शहराचा आराखडा ल कॉर्बुझिए यांनी केला हे सर्वश्रुत आहे. त्या आराखड्याला सावली मात्र दिली ती डॉ. महिंदरसिंग रंधावा यांनी. सनदी अधिकारी असूनही वनस्पतिशास्त्रात रमणाऱ्या या गृहस्थांनी कोणत्या रस्त्याला कोणते झाड शोभेल याचा विचार करून वृक्षयोजना आखली. एका रस्त्यावर शक्यतो एकाच जातीची झाडे असावीत, असा त्यांचा कटाक्ष होता. झाडे वाढली, शहर हिरवेगार झाले आणि दरवर्षी वसंताच्या तोंडावर हजारो झाडांची पाने जवळजवळ एकाच वेळी रस्त्यावर येऊ लागली. पूर्वी या ढिगांना सर्रास काडी लावली जाई. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणी ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवून दिला. काडी लावणे गुन्हा ठरले. पाने गळायची थांबली नाहीत.

हा झाला शहराचा स्वतःचा पाचोळा. ऑक्टोबर उजाडला की दुसरा, त्याहून कितीतरी मोठा प्रश्न धुराच्या रूपाने बाहेरून येतो. भाताची कापणी झालेली असते, गव्हाची पेरणी तोंडावर आलेली असते आणि मधल्या जेमतेम तीन आठवड्यांत शेत मोकळे करायचे असते. कंबाइन यंत्र लोंब्या कापून पुढे जाते; मागे धसकटे आणि विस्कटलेला पेंढा उरतो. तिकडे त्याला पराली म्हणतात. एकट्या पंजाबात दरवर्षी सुमारे २ कोटी टन पराली निघते. आपल्या कोकणात पेंढ्याची उडवी रचून तो जनावरांसाठी जपून ठेवतात. पंजाबातील भाताच्या पेंढ्यात सिलिकेचे प्रमाण मोठे असल्याने व गव्हाचा भुसा मुबलक मिळत असल्याने तेथील गुरे त्याला फारशी विचारीत नाहीत. तेव्हा शेतकरी काडी लावतो. त्याला दोष देणे सोपे आहे. तथापि भूजल वाचविण्यासाठी २००९ साली केलेल्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली गेली व त्याबरोबर कापणीही पुढे सरकली, हे त्याला दोष देणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसते. पाणी वाचले, पण दोन पिकांमधले दिवस कमी झाले.

उपग्रहांनी टिपलेल्या आगींची पंजाबातील संख्या २०२३ च्या हंगामात ३६,६६३ होती, ती २०२४ मध्ये १०,९०९ वर आली. उपग्रह डोक्यावरून निघून गेल्यावर लावलेल्या आगी या मोजणीत येत नाहीत, अशी शंका अनेकांनी व्यक्त केली आहे. ती खरी धरली तरी शेतकरी पर्याय शोधू लागला आहे, एवढे निश्चित.

चंदीगड १ नोव्हेंबर १९६६ पासून केंद्रशासित प्रदेश आहे आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही आहे. म्हणजे ज्या शेतांतून धूर उठतो त्या शेतांची दोन्ही सरकारे याच शहरात बसतात. शहराला खेटून असलेल्या मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये तर विज्ञानसंस्थांची एक वसाहतच उभी आहे. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तेथे २००७ मध्ये सुरू झाली. कृषी जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था तेथे आहे. शेतातील टाकाऊ मालाचे मोल वाढविणे हेच ज्याचे काम, असे एक केंद्र २०१२ मध्ये तेथे स्थापन झाले व पुढे ते त्याच कृषी संस्थेत विलीन झाले. आणि २०१३ मध्ये स्थापन झालेली नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थाही तेथेच आहे. प्रश्न आणि त्यावर विचार करणारी डोकी इतक्या जवळ नांदत असताना एक जिज्ञासा साहजिकच मनात येते. ज्या पानांचा आणि पेंढ्याचा आज धूर होतो, त्यांत आपल्याला वीज साठवता येईल काय?

याचे एक उत्तर काही वर्षांपूर्वी पुण्यात मिळाले आहे.

कडुनिंबाची वाळलेली पाने

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांचे सहकारी मंदाकिनी बिस्वाल, अभिक बॅनर्जी व मीनल देव यांनी कडुनिंबाची गळून पडलेली, वाळलेली पाने घेतली, त्यांची पूड केली आणि ती प्राणवायूविना तापविली. ती जळून राख झाली नाही, तिचा कोळसा झाला. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील लक्षणीय बाब अशी की, या कोळशाच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १,२३० चौरस मीटर भरले.

हा आकडा नजरेखालून तसाच जाऊ देण्याजोगा नाही. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत बारा गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन घडी घालून ठेवलेली आहे! ही जमीन बाहेरच्या बाजूस नसून आतल्या छिद्रांच्या भिंतींवर असते. दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रांना सूक्ष्मछिद्रे म्हणतात. दोन ते पन्नासपर्यंतची मध्यम आणि त्यापुढची मोठी. माणसाचा केस सरासरी ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून या छिद्रांच्या बारीकपणाची कल्पना यावी. इतक्या बारीक भिंती मोजायच्या कशा? उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला नायट्रोजन वायू त्या भुकटीवर सोडतात. वायूचे रेणू भिंतींवर एकेक थर करून चिकटतात. किती वायू चिकटला यावरून क्षेत्रफळ काढतात. ब्रुनॉअर, एमेट व टेलर यांनी १९३८ मध्ये बसविलेले हे गणित आजही जगभर वापरले जाते. यांतील टेलर हे पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे ओळखले गेले, हा इतिहासाचा एक चमत्कारच.

झाडाच्या पानात मुळात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हे तीन कार्बनयुक्त पदार्थ असतात. त्यांच्या जोडीला जमिनीतून शोषलेली खनिजे. हवा बंद करून तापविल्यावर पाणी, वायू व डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. सह्याद्रीच्या रानांत लोणारी लोक लाकडाचा ढीग पाल्यामातीने झाकून, आतल्या आत धुमसत ठेवून कोळसा पाडीत, त्यातले तत्त्व हेच. फरक इतकाच की प्रयोगशाळेच्या भट्टीत निष्क्रिय वायू खेळवितात आणि तापमान अंशाअंशाने राखतात.

नुसत्या कोळशात मात्र एवढी छिद्रे सहसा नसतात. ती मुद्दाम पाडावी लागतात. तापलेल्या कोळशावर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडला तर कार्बनचे काही अणू वायुरूप होऊन निघून जातात व त्यांच्या जागी पोकळी राहते. कॉस्टिक पोटॅश मिसळून पुन्हा तापविले तर त्याहूनही बारीक व विपुल छिद्रे पडतात. या क्रियेला सक्रियण म्हणतात. नारळाच्या करवंटीपासून पाणी शुद्ध करण्याचा सक्रिय कार्बन आपल्या देशात फार पूर्वीपासून तयार होतो, तो याच मार्गाने. पुण्याच्या प्रयोगात वेगळे काही वरून घालावे लागले नाही. पानातलीच लवकर उडून जाणारी सेंद्रिय द्रव्ये आणि पानातलेच धातू यांनी छिद्रे पाडण्याचे काम केले, असे संशोधकांचे मत पडले. एका भट्टीत, एका टप्प्यात काम झाले. आमच्या मते या निबंधाचे खरे मोल येथे आहे.

भिंतीला टेकलेली वीज

आता या बारा गुंठ्यांत वीज कशी राहते ते पाहू. घरचा पंखा सुरू होताना कुरकुरू लागला की वायरमन येऊन ‘कंडेन्सर’ बदलतो. हा कंडेन्सर म्हणजे विजेचा भार काही काळ धरून ठेवणारे साधन. त्यात दोन पृष्ठभाग एकमेकांसमोर असतात. पृष्ठभाग जितके मोठे व त्यांच्यातील अंतर जितके कमी, तितका भार अधिक मावतो. सच्छिद्र कार्बनचे दोन तुकडे क्षारयुक्त द्रवात बुडविले आणि त्यांना वीज जोडली, तर द्रवातील धन व ऋण आयन कार्बनच्या भिंतींना जाऊन टेकतात. आयन आणि भिंत यांतील अंतर नॅनोमीटरहूनही कमी, आणि भिंतीचे क्षेत्र मात्र ग्रॅमला बारा गुंठे. त्यामुळे पंख्याच्या कंडेन्सरच्या लक्षावधी पट भार मावतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर यांनी अशा साधनाचे पेटंट १९५७ मध्येच घेतले होते. आज त्यास सुपरकपॅसिटर म्हणतात. त्यात रासायनिक बदल होत नसल्याने ते काही सेकंदांत भरते, लाखो वेळा भरले-रिकामे केले तरी थकत नाही. शांघायमध्ये २००६ पासून एका मार्गावर अशा साधनांवर चालणाऱ्या बसगाड्या धावू लागल्या. थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत बस पुढच्या थांब्यांपुरती वीज भरून घेई.

कडुनिंबाच्या कार्बनने सौम्य गंधकाम्लात ग्रॅममागे ४०० फॅरड इतकी धारकता दाखविली व ऊर्जेचा आकडा किलोमागे ५५ वॉट-तास सांगितला गेला. वृत्तपत्रांतून असे आकडे आले की वाचक हरखून जातात. बँकेच्या ग्राहकाने मात्र तेरीज तपासल्याखेरीज आकडा मान्य करू नये. धारकतेचा निम्मा घेऊन त्यास व्होल्टच्या वर्गाने गुणले की ऊर्जा मिळते. ४०० फॅरड व १ व्होल्ट धरले तर बरोबर ५५ येतात. तथापि हा हिशेब एका इलेक्ट्रोडमधील कार्बनचा. प्रत्यक्ष साधनात दोन इलेक्ट्रोड एकामागोमाग जोडलेले असतात. धारकता निम्मी होते, वजन दुप्पट होते, म्हणजे हाती चौथाई राहते. त्यावर द्रव, पत्रे, डबा यांचे वजन चढले की बाजारात मिळणारा सुपरकपॅसिटर किलोमागे पाच ते आठ वॉट-तासांच्या घरात येतो. लिथियम बॅटरीत हाच आकडा दीडशे ते अडीचशे असतो. यात संशोधकांची लबाडी काही नाही. शास्त्रीय निबंध पदार्थाबद्दल बोलत असतो आणि गिऱ्हाईक डबा विकत घेत असते, एवढाच काय तो फरक.

आणखी एक आकडा त्या निबंधात आहे, जो सहसा कोणी उद्धृत करीत नाही. आम्लाऐवजी सेंद्रिय द्रव घेतला तेव्हा त्याच कार्बनची धारकता ८८ फॅरडवर आली. असल्या द्रवातील आयन आकाराने मोठे असतात व अति अरुंद छिद्रांत त्यांचा शिरकाव होत नाही. बारा गुंठे सातबाऱ्यावर आहेत, पण वहिवाटीची वाट नाही, अशी ही स्थिती. मग असा द्रव वापरायचाच कशाला? कारण पाण्यातील द्रावण एका व्होल्टच्या थोडे पुढे गेले की पाण्याचेच विघटन होऊ लागते; सेंद्रिय द्रव २.७ व्होल्टपर्यंत टिकतो, आणि ऊर्जा व्होल्टच्या वर्गाने वाढत असल्याने सात पटींहून अधिक लाभ होतो. म्हणून उत्तम कार्बन म्हणजे सर्वांत जास्त छिद्रांचा नव्हे; ज्याची छिद्रे आयनाच्या मापाची आहेत तो उत्तम.

दार उघडे की बंद?

येथवर सुपरकपॅसिटरचे झाले. लोकांना हवी असते ती बॅटरी, आणि बॅटरीची गोष्ट निराळी, किंबहुना उलटी आहे.

लिथियम बॅटरीत ऋण बाजूस ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइट म्हणजे नीट जुळवून ठेवलेला पत्त्यांचा जोड; लिथियमचे आयन दोन पत्त्यांच्या मध्ये सहज शिरतात. लिथियम महाग व मोजक्या देशांत सापडणारा. त्याच्या जागी सोडियम, म्हणजे आपल्या मिठातला धातू, वापरता आला तर! पण सोडियमचा आयन ग्रॅफाइटच्या पत्त्यांमध्ये नीट शिरत नाही. कॅनडातील डलहौसी विद्यापीठातील स्टीव्हन्स व डान यांनी २००० साली ग्लुकोज साखरेपासून केलेल्या कार्बनमध्ये सोडियम शिरतो व ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास इतका साठतो, असे दाखविले. या कार्बनचे पत्ते जुळलेले नसून जमिनीवर कसेही विस्कटून पडलेले असतात आणि त्यांच्यामधे बारीक पोकळ्या असतात. कितीही तापविले तरी तो ग्रॅफाइट होत नाही. म्हणून त्याला हार्ड कार्बन हे नाव. साखर असो, करवंटी असो, पेंढा असो, वनस्पतिजन्य पदार्थ तापविले की बहुधा असाच हट्टी कार्बन मिळतो. वनस्पतीच्या ज्या गुणामुळे तिच्यापासून चांगले ग्रॅफाइट होत नाही, तोच गुण सोडियमच्या बॅटरीला हवा असतो.

परंतु या पोकळ्यांची दारे बंद हवीत. बॅटरी पहिल्यांदा चार्ज करताना दुधावर साय धरावी तसा एक पातळ थर कार्बन व द्रव यांच्या सीमेवर धरतो आणि त्यात सोडियम कायमचा अडकतो. बारा गुंठ्यांवर साय धरायची म्हटले तर सोडियमचा मोठा वाटा पहिल्याच दिवशी खर्ची पडेल. म्हणून बॅटरीसाठीचा कार्बन हजार ते पंधराशे अंशांपर्यंत तापवितात. त्या उष्णतेत छिद्रांची तोंडे मिटतात, बाहेरून मोजता येणारे क्षेत्रफळ ग्रॅममागे काही चौरस मीटरवर येते, आणि आत राहिलेल्या बंद खोल्यांमध्ये सोडियम पत्त्यांच्या फटींतून हळूहळू जाऊन बसतो. एकाच पाचोळ्यापासून दोन्ही माल होतात. मात्र सुपरकपॅसिटरचा कार्बन बॅटरीला चालत नाही आणि बॅटरीचा कार्बन सुपरकपॅसिटरला चालत नाही. ‘वनस्पतींपासून बॅटरीचा सच्छिद्र कार्बन’ असे मोघम शब्द एखाद्या प्रकल्प अहवालात दिसले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: छिद्रे उघडी की बंद?

हे सारे दूरचे आहे असे समजण्याचे कारण नाही. चीनच्या सीएटीएल कंपनीने जुलै २०२१ मध्ये आपली सोडियम बॅटरी जाहीर केली. रिलायन्सने त्याच सुमारास ब्रिटनची फॅराडियन ही सोडियम बॅटरीतील कंपनी विकत घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज कंपनीने पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने सिद्ध केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले. पाचोळ्यावर काम करणारे डॉ. ओगले मधल्या काळात याच संस्थेत गेले होते. जपानची कुरारे कंपनी वनस्पतिजन्य हार्ड कार्बन व करवंटीपासूनचा सुपरकपॅसिटरचा कार्बन, दोन्ही विकते. घरोघरच्या इन्व्हर्टरमधील शिशाच्या बॅटरीतही ऋण पट्टीत थोडा सक्रिय कार्बन मिसळला की पट्टीवर गंधकाचा क्षार चढणे कमी होते व आयुष्य वाढते. हा बाजार साधा, पण आज हाताशी असलेला आहे.

पराली कशी उतरते?

आता चंदीगडच्या परिसरातील पेंढ्याकडे वळू. भाताची पात हातावरून ओढली तर कापते. तिच्यात काचेचाच सख्खा भाऊ असलेली सिलिका असते. पेंढ्याच्या वजनाचा सहावा-सातवा हिस्सा तरी राखेचा, आणि राखेत बहुतांश सिलिका. कोळसा करताना कार्बन निम्म्याहून अधिक उडून जातो, सिलिका मात्र जागची हलत नाही. परिणामी पेंढ्याचा कोळसा जवळजवळ निम्मा राखच असतो. बॅटरीत असली राख चालत नाही. ती कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवून काढावी लागते. गंमत अशी की, सिलिका निघून गेली की तिच्या जागी पोकळी राहते, म्हणजे छिद्रे पाडण्याचे अर्धे काम आपोआप होते. भाताच्या तुसापासून अशा रीतीने ग्रॅममागे २,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळाचा कार्बन मिळविलेला आहे. जपानच्या सोनी कंपनीने तुसापासूनच्या सच्छिद्र कार्बनला ट्रायपोरस या नावाने बाजारात आणले. वेगळी झालेली सिलिका पुन्हा द्रावणातून काढून विकता येते. जो कारखाना सोडा परत मिळवील व सिलिका विकेल, त्याचाच हिशेब जमेल. जो सांडपाणी नाल्यात सोडील, त्याने धूर थांबवून पाणी नासविले असे होईल. कॉस्टिक पोटॅशचेही तसेच: निबंधांतून कोळशाच्या दुप्पट-चौपट वजनाचे पोटॅश वापरलेले असते. एक किलो कार्बनसाठी तीन किलो दाहक क्षार, हे प्रयोगशाळेत खपते, कारखान्यात खपत नाही.

उतारा किती पडतो? राख वजा जाता, हार्ड कार्बनसाठी शंभर किलो कोरड्या पेंढ्यामागे पंधरा किलो धरू. ग्रॅममागे ३०० मिलिअँपिअर-तास आणि सुमारे तीन व्होल्ट या हिशेबाने, काही वाया जाईल हे धरून, एक युनिट वीज साठविणाऱ्या सोडियम बॅटरीस साधारण सव्वा किलो कार्बन लागावा. म्हणजे पाच युनिटांच्या घरगुती बॅटरीमागे सव्वासहा किलो कार्बन, अर्थात बेचाळीस किलो पेंढा. एका एकरात अडीच टन पेंढा निघतो. त्यातून साठ घरांच्या बॅटऱ्यांचा कार्बन होईल. ऐकायला हे फार सुखद वाटते.

आता हाच हिशेब दुसऱ्या टोकाने मांडू. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची उत्तेजन योजना मंजूर केली, तिचे लक्ष्य ५० गिगावॉट-तास क्षमतेच्या बॅटऱ्या देशात बनविण्याचे होते. समजा, ही सारी क्षमता सोडियमची झाली आणि तिचा सगळा कार्बन पंजाबच्या पेंढ्यातून आला. तरी लागेल सुमारे ६२,५०० टन कार्बन, आणि त्यासाठी सव्वाचार लाखांच्या आत-बाहेर टन पेंढा. निघतो २ कोटी टन. म्हणजे जेमतेम दोन टक्के! सुपरकपॅसिटरचा बाजार तर याहून पुष्कळच लहान.

तेव्हा बॅटरीचा कार्बन परालीचा प्रश्न सोडवील, हे म्हणणे आकड्यांना धरून नाही. ते काम मोठ्या पोटाच्या धंद्यांचे आहे. पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेला इंडियन ऑईलचा इथेनॉल कारखाना वर्षाला २ लाख टन पेंढा मागतो. संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथील वायुप्रकल्प १ लाख टन. औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशात पाच ते सात टक्के जैविक गोळ्या मिसळण्याचे बंधन २०२१ मध्ये आले. कार्बनचे बलस्थान निराळे आहे: थोडा पेंढा, पण किलोमागे मोल जास्त. ज्या गावात गाठी बांधण्याचे यंत्र आणि गाठी ठेवण्याची जागा इंधनासाठी आधीच उभी आहे, तेथे निवडक, कोरड्या, माती न लागलेल्या गाठींना चढा भाव देणारे दुसरे गिऱ्हाईक म्हणून हा धंदा शोभतो. एकट्याच्या जिवावर गाठी गोळा करायला निघेल तर तो बुडेल.

कारण खरी अडचण भट्टीत नाही, ती गोदामात आहे. माल वर्षातून तीन आठवडेच मिळतो आणि भट्टी बारा महिने चालायची. म्हणजे वर्षाचा पेंढा एकदम घेऊन साठवायचा. तो हलका, म्हणून जागा अफाट. ओला झाला तर कुजतो, कोरडा राहिला तर ठिणगीची भीती. खेळत्या भांडवलाची गरज ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिगेला पोचते आणि वर्षभर उतरत जाते. साखर कारखान्यांच्या उचलीची सवय असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना हे गणित परके नाही. विम्याच्या हप्त्याची रक्कम अहवालात न दाखविणारा अर्जदार स्वप्नात आहे, असे खुशाल समजावे. दुसरी बाब एकसारखेपणाची. बॅटरी बनविणाऱ्यास प्रत्येक पोते मागच्या पोत्यासारखेच हवे असते. पुण्याच्या संशोधकांनी कडुनिंबाबरोबर अशोकाची पानेही तपासली होती, हिरवी पानेही तापवून पाहिली होती. पानाच्या घटकांप्रमाणे कार्बनचे गुण बदलतात, हे त्यांच्या तुलनेतून स्पष्ट झाले. शेतात बासमती व इतर भात शेजारी-शेजारी असतात, खते वेगळी, पाणी वेगळे. तेव्हा गाठ शेतातून उचलतानाच कोठली, कोणत्या वाणाची, किती ओली, याची नोंद हवी.

येथे चंदीगडचा पाचोळा पुन्हा आठवतो. परालीच्या तुलनेत तो नगण्य आहे, हे खरे. पण तो शहरातच, पक्क्या रस्त्यावर पडतो, महापालिकेचे कामगार तो तसाही गोळा करतात, आणि मोहालीतील प्रयोगशाळा तेथून काही किलोमीटरवर आहेत. टनाच्या भट्टीपूर्वी क्विंटलाची भट्टी चालवून पाहायची असेल, तर याहून सोयीचा कच्चा माल शोधून मिळणार नाही. आणि मिश्र पानांची जी अडचण कोणत्याही दुसऱ्या शहरात आली असती, ती येथे बरीचशी येत नाही. रंधावांनी एका रस्त्याला एक झाड दिले होते; गाडी रस्त्यानुसार भरली, पोत्यावर रस्त्याचे नाव लिहिले, की पाने जातवार निवडलेलीच निघतात.